खोटा निरोप

भोकरदन तालुक्यातलं धावडा हे बुलडाणा–अजिंठा रस्त्यावरचं गाव. एका अंगाला अजिंठ्याची डोंगररांग, दुसऱ्या अंगाला बुलडाणा जिल्ह्याची शीव आणि मधल्या रानात कपाशी, मका, सोयाबीन, मिरची. या भागातल्या शेतकऱ्याला एक गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. मक्यातल्या रुंद पानांच्या तणावर २,४-डी मारलं आणि तोच पंप नीट न धुता कपाशीत नेला, किंवा वारा न बघता शेजारच्या मक्यात फवारणी झाली, की थोड्याच दिवसांत कपाशीचे शेंडे वेडेवाकडे होतात. नवी पानं पंजासारखी रुंद न येता अरुंद, चिरलेली, बोटांसारखी लांबट येतात. झाड मरत नाही. ते वाढत राहतं, पण चुकीचं वाढतं.

कारण २,४-डीचं काम नेहमीच्या विषासारखं नाही. झाडाच्या अंगात ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक असतं. कुठल्या पेशीने लांबायचं, कुठे फूट काढायची, कुठे थांबायचं, हे त्याच्या कमी-जास्त प्रमाणावर ठरतं. २,४-डी या ऑक्झिनची नक्कल करतं. तणाला ते बेसुमार वाढायला सांगतं आणि त्या वाढीनेच तण मरतं. कपाशी या सांगण्याला इतकी हळवी असते की टाकीच्या तळाशी राहिलेला अंशही तिला पुरतो. तिच्यापर्यंत पोचतो तो एक खोटा निरोप. झाड तो खरा मानतं आणि पाळतं.

माणसाच्या आणि जनावराच्या शरीरातही असेच निरोप फिरतात. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, थायरॉइडची संप्रेरकं हे त्यांचे वाहक. रक्तातलं इस्ट्रोजेन पिकोग्रॅममध्ये मोजतात, आणि पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा मात्रेवर गर्भातल्या जीवाची जननेंद्रियं घडतात, मेंदूची बांधणी होते आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांनी त्या जीवाला स्वतःचं मूल होईल की नाही याचीही तयारी होते. या निरोपांची नक्कल करणारी, त्यांना अडवणारी किंवा त्यांचा आवाज वाढवणारी अनेक रसायनं गेल्या शतकात माणसाने तयार केली. काही शेतात आली, काही प्लॅस्टिकमध्ये, काही दवाखान्यात.

धर्मविचाराला अवघड जाणारा प्रश्न इथे उभा राहतो. एखाद्याचा हेतू कुणाला इजा करण्याचा नव्हता. त्याच्या कृतीने कुणी मेलंही नाही, कुणाच्या अंगावर ओरखडासुद्धा उठला नाही. ज्याचं नुकसान झालं तो त्या वेळी जन्मलेलाही नव्हता. अशा कृतीला हिंसा म्हणायचं का? आणि म्हटलं, तर तिचा दोष कुणाच्या खाती लिहायचा?

हा प्रश्न विज्ञानाच्या दारात आणणाऱ्यांत थिओ कोलबर्न या अमेरिकी बाईंचं नाव पहिलं घ्यावं लागतं. त्या आधी औषधविक्रेत्या होत्या, मग कोलोरॅडोत मेंढ्या पाळत. प्राणिशास्त्रातली डॉक्टरेट त्यांनी १९८५ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी मिळवली. पुढे अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या विशाल सरोवरांवरचे शेकडो अभ्यास वाचताना त्यांना एक गोष्ट सारखी दिसत राहिली. मोठे पक्षी, मोठे मासे, मोठे प्राणी वरकरणी धडधाकट होते. बिघाड होता तो त्यांच्या पिल्लांत. अंडी उबत नव्हती, पिल्लं व्यंग घेऊन जन्मत होती, काही पक्षी घरटं सोडून जात होते. कर्करोग शोधत बसलेल्या शास्त्रज्ञांना आईबापांच्या शरीरात फारसं काही सापडत नव्हतं, कारण खूण पुढच्या पिढीत उमटली होती. जुलै १९९१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या विंगस्प्रेड इथे कोलबर्न यांच्यासह २१ शास्त्रज्ञ एकत्र बसले. प्राणिशास्त्र, वैद्यक, मानसशास्त्र, रसायनशास्त्र अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेले हे लोक आपण सगळे एकाच गोष्टीकडे बघत आहोत हे तिथे ओळखू शकले.

माणसांच्या बाबतीत पुरावा त्याआधीच मिळालेला होता, आणि तो औषधाच्या बाटलीतून आला होता. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे बनावट इस्ट्रोजेन १९३८ मध्ये चार्ल्स डॉड्स यांच्या गटाने इंग्लंडमध्ये तयार केलं. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत ते लाखो गरोदर बायांना दिलं गेलं. १९७१ मध्ये बॉस्टनचे डॉ. आर्थर हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ तरुण मुलींची नोंद छापली. त्या वयात जवळजवळ न आढळणारा योनिमार्गाचा कर्करोग त्यांना झाला होता, आणि आठपैकी सात जणींच्या आईने गरोदरपणात डीईएस घेतलं होतं. आयांमध्ये तेव्हा काही दिसलं नव्हतं. त्यांनी ते घेतलं होतं पोटातल्या लेकरासाठीच.

धावड्याच्या आसपास कुठेही कान दिला तर कीटकनाशकाला लोक औषधच म्हणतात. कपाशीला औषध मारायचंय, मिरचीला औषध आणलंय. कर्जाखाली पिचलेल्या माणसाने जीव दिला तरी त्याने औषध घेतलं असंच म्हणतात. एका शब्दात पीक वाचवणं आणि जीव जाणं दोन्ही मावतं, कारण गावाने दोन्ही पाहिलं आहे. तिसरा अर्थ मात्र त्या शब्दात अजून शिरलेला नाही: पीकही वाचतं, माणूसही जगतो आणि फरक पडतो तो अजून न आलेल्या जीवाला.

या तिसऱ्या अर्थावर महाराष्ट्रातच, मुंबईच्या परळमध्ये, बारकाईने काम झालं आहे. प्रजनन आरोग्यावर संशोधन करणाऱ्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय संस्थेत डॉ. गीता वनगे आणि त्यांच्याकडे संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनींनी बिस्फेनॉल-ए या रसायनाचा उंदरांवर अभ्यास केला. पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक आणि डब्यांच्या आतला लेप बनवायला हे रसायन वापरतात. लग्नाच्या मांडवात ठेवतात ते पाण्याचे वीस लिटरचे निळसर जार पुष्कळदा याच प्लॅस्टिकचे असतात. ते इस्ट्रोजेनसारखं वागतं हे नवं कळलेलं नाही. डीईएस बनवणाऱ्या डॉड्स यांनीच १९३६ मध्ये ते दाखवलं होतं.

परळच्या एका प्रयोगात गाभण मादीला गर्भाच्या बाराव्या दिवसापासून पिल्लं २१ दिवसांची होईपर्यंत हे रसायन दिलं गेलं. मात्रा होती वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ आणि २.४ मायक्रोग्रॅम. त्या काळी अमेरिकेत माणसासाठी सुरक्षित धरलेली मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम होती. मादीच्या नर पिल्लांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटली. त्या पिल्लांची पिल्लं आणि त्यांचीही पिल्लं पाहिली, तेव्हा परिणाम तिसऱ्या पिढीपर्यंत पोचलेला होता, जरी नंतरच्या पिढ्यांना ते रसायन वेगळं दिलेलं नव्हतं. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बिस्फेनॉल-एची आपली सुरक्षित मर्यादा पूर्वीपेक्षा २०,००० पटींनी खाली आणली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि प्रयोगशाळा म्हणजे गाव नव्हे. तरीही संप्रेरकांची भाषा सस्तन प्राण्यांत फारशी बदलत नाही, म्हणून हा निकाल बाजूला सारता येत नाही.

मात्रेइतकीच वेळ महत्त्वाची, हे जालना जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली तेव्हापासून हा बियाण्यांचा जिल्हा आहे. संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात दुपारनंतर कळीतले पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परागीकरण करतात. ती सकाळ हुकली की त्या फुलाचं काम गेलं. नंतर कितीही परागकण लावले तरी उपयोग नाही. गर्भातही अशाच वेळा असतात. माणसाच्या गर्भात सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमाराला जननग्रंथी मुलाच्या की मुलीच्या वाटेने जायला लागते. मोठ्या माणसाला ज्या मात्रेने काही होत नाही, तीच मात्रा त्या थोड्या दिवसांत वाट वळवू शकते.

पुढच्या पिढीकडे बघण्याची ही सवय आपल्या कायद्याला कितपत आहे, हे कृषी सेवा केंद्राच्या फळीवर दिसतं. प्रत्येक पुड्यावर, प्रत्येक बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली केलेल्या नियमांनी हे रंग ठरवले, आणि त्यांचं माप म्हणजे प्रयोगातली निम्मी जनावरं मारायला लागणारी मात्रा. किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५,०००च्या वर असेल तर हिरवा. म्हणजे हा रंग पटकन येणारा मृत्यू मोजतो, दुसरं काही मोजत नाही.

मिरचीवरच्या करप्याला आणि फळकुजीला मारतात ते मॅन्कोझेब या मापाने हिरव्या त्रिकोणात बसतं. शेतकरी ते निर्धास्त हाताळतो, आणि हिरवा रंग बघून तसं करणं त्याच्या बाजूने चुकीचंही नाही. या मॅन्कोझेबपासून इथिलीन थायोयुरिया तयार होतं, आणि ते थायरॉइडच्या कामात अडथळा आणतं. डिसेंबर २०२० मध्ये युरोपीय संघाने मॅन्कोझेबची मंजुरी काढून घेतली. त्यासाठी दिलेल्या कारणांत ते प्रजननाला घातक आहे आणि संप्रेरकांत ढवळाढवळ करतं, ही दोन्ही होती. मक्यात पेरणीनंतर लगेच मारतात त्या ॲट्राझीनचीही अशीच गोष्ट आहे. कॅलिफोर्नियात टायरोन हेझ यांनी २००२ मध्ये दाखवलं की पाण्यात अब्जात ०.१ भाग ॲट्राझीन असलं तरी नर बेडकांच्या जननग्रंथींत मादीच्या खुणा दिसू लागतात. २०१० मध्ये त्यांनी आणखी पुढचं दाखवलं: जनुकांनी नर असलेल्या आफ्रिकी बेडकांपैकी साधारण दहा टक्के मोठेपणी अंडी घालणाऱ्या माद्या झाल्या. उत्पादक कंपनीने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत आणि वाद पुष्कळ वर्षं चालला. भारत सरकारने मे २०२० मध्ये बंदीसाठी २७ कीटकनाशकांचा मसुदा काढला तेव्हा त्यात ॲट्राझीन आणि मॅन्कोझेब दोन्ही होती. पूर्ण बंदी अखेर फार थोड्यांवर आली, आणि ही दोन्ही दुकानात राहिली.

केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वीस वर्षांहून जास्त काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं जात होतं. पद्रे आणि आसपासच्या गावांत व्यंग असलेली मुलं जन्मायला लागली, तेव्हा पुष्कळांनी तो दैवताचा कोप मानला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या ११७ मुलग्यांची तुलना दूरच्या गावातल्या ९० मुलग्यांशी केली. २००३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत फवारणीच्या पट्ट्यातल्या मुलग्यांमध्ये वयात येण्याच्या खुणा मागे पडलेल्या होत्या आणि वयाच्या मानाने टेस्टोस्टेरॉन कमी होतं. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली.

कोपाची ती समजूत अडाणीपणा म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. कारण दिसत नसलं की माणूस अर्थ शोधतो, आणि आपल्याकडे त्यासाठी सगळ्यात हाताशी असलेला शब्द म्हणजे कर्म. लेकरू वेगळं जन्मलं, लग्नाला दहा वर्षं होऊन घरात पाळणा हलला नाही, की मागच्या जन्मीचं काहीतरी असेल असं म्हणायला आपण मोकळे. कर्मसिद्धांताचा कणा हा की ज्याने केलं त्यालाच भोगावं लागतं. त्यात न्याय आहे, म्हणूनच तो टिकला. पण डीईएसच्या लेकी, कासरगोडची मुलं आणि परळची तिसऱ्या पिढीतली पिल्लं या तिन्हींत करणारा एक आणि भोगणारा दुसरा आहे. तिथे कर्माचं नाव घेतलं की खरा करणारा नजरेआड होतो आणि भोगणाऱ्याच्या माथी दुहेरी ओझं येतं, दुःखाचं आणि दोषाचं. गावात हा दोष बहुतेक वेळा बाईच्या पदरात पडतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण, एकटं किंवा जोडीने, असतं. तरी वांझ हा शब्द बाईपुरताच राखून ठेवलेला आहे. त्याला पुल्लिंग कुणी केलं नाही.

धावड्याच्या भोवतीच्या मातीत या प्रश्नावर विचार करायला लागणारी शिदोरी मात्र आहे, आणि ती आजची नाही. अजिंठा इथून जवळ. त्या लेण्यांतल्या भिक्षूंच्या परंपरेत कर्म म्हणजे मुळात चेतना, हेतू. मज्झिम निकायातल्या उपालि सुत्तात हा वाद समोरासमोर येतो. नालंद्यात दीर्घतपस्वी नावाचा निर्ग्रंथ, म्हणजे जैन, साधू म्हणतो की पापात शरीराने केलेली कृती सगळ्यात जड. बुद्ध म्हणतात, मनाची. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा वाद मिरचीच्या वावरात आणून ठेवला तर फवारणी करणारा माणूस बुद्धांच्या उत्तराने मोकळा होतो. त्याच्या मनात पीक वाचवणं आहे, लेकीच्या लग्नाचा खर्च आहे. हे मोकळं होणं त्याचा हक्कच आहे. पण मग डीईएस लिहून देणाऱ्या डॉक्टरचा हेतू चांगला होता, ते घेणाऱ्या आईचा तर निर्मळच. सगळ्यांचे हेतू स्वच्छ असतील, तर झालेल्या नुकसानाला कुणी धनीच राहत नाही.

वेरूळच्या लेण्यांत शेवटची पाच जैनांची. त्या परंपरेतल्या उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या वेगळ्या जागी पकडली आहे. प्रमादाच्या योगाने, म्हणजे गाफीलपणामुळे, प्राणांना धक्का लागणं ही हिंसा. प्राण म्हणजे तिथे नुसता श्वास नव्हे. पाच इंद्रियं, मन, वाचा आणि काया यांची बळं, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य असे दहा प्राण ही परंपरा मोजते. यामुळे दोन दारं उघडतात. एक म्हणजे हिंसा मृत्यूपुरती राहत नाही, शरीराचं बळ हिरावणंही तिच्यात येतं. दुसरं म्हणजे वाईट हेतू सिद्ध करायची गरज उरत नाही. बघायला हवं होतं आणि बघितलं नाही, एवढं पुरतं.

जैन साधू चालताना समोरची चार हात जमीन बघून पाऊल टाकतात. मुंगी दिसावी म्हणून एवढं अंतर पुरेसं होतं. आता आपण जे पाऊल टाकतो त्याखाली येणारा जीव चार हातांवर नाही, तीन पिढ्यांवर आहे. एवढ्या लांबचं बघायला डोळे पुरत नाहीत, प्रयोगशाळा लागते. म्हणून परळला उंदरांचे शुक्राणू मोजणारी संशोधक विद्यार्थिनी एका अर्थाने तेच व्रत पाळते आहे. पुढची जमीन ती आपल्या सगळ्यांच्या वतीने बघते.

महाभारताने गर्भावरच्या घावाला वेगळी जागा दिली आहे. अठरा दिवसांच्या युद्धात केवढे अधर्म घडले, पण तीन हजार वर्षं भटकण्याचा शाप मिळाला तो अश्वत्थाम्याला, पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर अस्त्र वळवल्याबद्दल. उत्तरेच्या पोटातलं ते मूल पुढे परीक्षित झालं. जखमेवर तेल मागत फिरणारा अश्वत्थामा सातपुड्यातल्या लोकांच्या बोलण्यात अजून आहे. युद्धालाही काही मर्यादा असते आणि गर्भ त्या मर्यादेपलीकडे आहे, हा त्या कथेचा निवाडा. मात्र अश्वत्थाम्याने नेम धरला होता. इथे अस्त्र आहे, गर्भ आहे, पण नेम धरणारा कुणीच नाही, आणि म्हणून शाप द्यायलाही कुणी सापडत नाही.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतराची जातककथा रंगवली आहे. दानाचं व्रत घेतलेला हा राजपुत्र शेवटी आपली दोन लेकरं, जाली आणि कृष्णाजिना, मागायला आलेल्या ब्राह्मणाला देऊन टाकतो. बोधिसत्त्वाच्या दानपारमितेची ही सर्वोच्च कथा. तरीही ती ऐकणारे अस्वस्थ होत आले. मिलिंदपञ्ह या ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला नेमकं हेच विचारतो, की दुसऱ्याला दुःखात लोटून केलेलं दान दान कसं? व्रत बापाचं, पण दोरी मुलांच्या हाताला. कथेत मुलं आजोबांकडे सुखरूप परत येतात, म्हणून ऐकणाऱ्याला झोप लागते. आजचा व्यवहारही याच साच्याचा आहे. आपण आपल्या पिकाच्या, सोयीच्या, नफ्याच्या बदल्यात असं काहीतरी देतो जे आपलं नाही, पुढच्यांचं आहे. परतीची खात्री मात्र या व्यवहारात कुणी दिलेली नाही.

आणि धावड्याच्याच परिसरात, जयदेववाडीला, महानुभावांचं जाळीचा देव हे तीर्थस्थान आहे. चक्रधरस्वामी इथल्या दाट जाळीत वाघाच्या सहवासात राहिले अशी श्रद्धा आहे. लीळाचरित्रातली सशाची गोष्ट महानुभाव घरांत लहानांनाही ठाऊक असते. पारधी मागे लागलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी तो मागतात. स्वामी सांगतात की हा शरण आला आहे. बोलणं होतं आणि पारधी शिकार सोडतात. अहिंसेचं हे रूप स्वतःला पापापासून राखण्याच्या पुढे जातं. ज्याला बोलता येत नाही त्याची बाजू कुणीतरी घ्यायला लागते आणि मारणाऱ्याशी बोलायला लागतं. स्वामी पारध्यांना हाकलत नाहीत, शिव्याशाप देत नाहीत. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे हे धरूनच ते बोलतात.

पण ससा निदान धावू शकला. गर्भातला जीव धावत येऊन कुणाच्या मांडीखाली शिरू शकत नाही. जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९७९च्या आपल्या ग्रंथात जबाबदारीचा आदर्श नमुना म्हणून नवजात बाळाकडे बोट दाखवलं होतं. त्याचं नुसतं असणंच भोवतालच्यांवर जबाबदारी टाकतं, त्यासाठी त्याला काही मागावं लागत नाही. माणसाच्या हाताची पोच इतकी लांब झाली आहे की नीतीनेही तितकं लांब जायला हवं, हा योनास यांचा आग्रह. चक्रधरांच्या मांडीखालचा ससा आणि योनास यांचं बाळ यांत शतकांचं अंतर आहे, पण दोन्हींकडे हक्क दुबळेपणातून येतो.

मग दोष कुणाचा? रसायनाची साखळी वरून खाली बघितली तर एक विपरीत गोष्ट दिसते. सगळ्यात वर उत्पादक. त्याच्याकडे विषचाचण्यांच्या फायली असतात. मग नोंदणी देणारी यंत्रणा, मग वितरक, मग कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, मग शेतकरी, मग पाठीवर पंप घेणारा मजूर, मग त्याची बायको, आणि शेवटी तिच्या पोटातलं बाळ. या क्रमाने ज्ञान घटत जातं आणि धोका वाढत जातो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने मेले, तेव्हा त्यांनी हातमोजे का घातले नाहीत, हा प्रश्न फार लवकर विचारला गेला. दमट उकाड्यात, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदा विचारणं म्हणजे साखळी उलटी वाचणं. प्रमाद म्हणजे बघता येत असून न बघणं, ही व्याख्या धरली तर ज्याला जितकं दूरचं दिसतं त्याचा प्रमाद तितका मोठा. मजुराचा प्रमाद पंप न धुण्याएवढा असेल. निम्मी जनावरं मेली नाहीत म्हणून हिरवा रंग देऊन थांबणाऱ्या नियमाचा त्याहून कितीतरी मोठा आहे.

आपल्या कायद्याला हे परकं नाही. वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९९६ मध्ये सावधगिरीचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग ठरवलं. गंभीर आणि भरून न येणाऱ्या हानीची शक्यता असेल तर शास्त्रीय खात्री पूर्ण नाही म्हणून उपाय टाळता येणार नाहीत, आणि आपलं काम निरुपद्रवी आहे हे दाखवण्याचा भार ते करणाऱ्यावर. तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांवरून आलेला हा निकाल वाचताना उमास्वातींचा अप्रमाद आठवतो. न्यायालयाने तो शब्द वापरला नाही, पण ओझं त्याच खांद्यावर ठेवलं.

इथे एक काळजी घ्यायला हवी. संप्रेरकांच्या गोंधळाबद्दल बोलताना वेगळ्या शरीराच्या माणसांकडे बोट जाण्याचा धोका असतो. ज्यांचं शरीर ठरलेल्या दोन साच्यांत बसत नाही अशी माणसं या रसायनांच्या पुष्कळ आधीपासून आहेत. त्यांचं असणं ही कुणाच्या पापाची खूण नाही आणि त्यांचं माणूसपण कुणाच्या प्रयोगावर टांगलेलं नाही. अन्याय शरीराच्या वेगळेपणात नसतो, तो न विचारता केलेल्या ढवळाढवळीत असतो. कासरगोडच्या मुलांना सन्मानही हवा होता आणि फवारणी थांबायलाही हवी होती. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत.

बंदी आणि पर्याय यांचं काम सरकारचं, संशोधनाचं आणि कंपन्यांचं. त्याला वेळ लागेल, आणि मिरची तोवर थांबणार नाही. तोपर्यंत करण्यासारखी एक लहान गोष्ट घराच्या मोरीतच आहे. फवारणीहून आलेला माणूस अंगावरचे कपडे काढून ठेवतो. शर्टाच्या पाठीवर पंपातून झिरपलेलं पाणी असतं, बाह्या आणि पँटचे पाय ओले असतात. हे कपडे घरातल्या बाकीच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजतात आणि बहुतेक घरांत ते बाईच्या हातांनी धुतले जातात. फवारणीचे कपडे वेगळे भिजवा, हातमोजे घाला, आणि ज्याने फवारणी केली त्यानेच ते धुवावेत, एवढ्या तीन ओळी हिरव्या त्रिकोणाशेजारी मोठ्या मराठी अक्षरांत छापता येतात. दुकानदाराला पुडा देताना त्या बोलून सांगता येतात, जाळीच्या देवाच्या यात्रेत सांगता येतात. कारण खरिपात फवारण्या ऐन भरात असतात तेव्हा मोरीत बसलेल्या एखाद्या नव्या सुनेची पाळी नुकतीच चुकलेली असते. तिने अजून कुणाला सांगितलेलं नसतं, तिची तिलाही खात्री नसते, आणि आतला जीव सहाव्या आठवड्याकडे निघालेला असतो.